सॉसच्या बाटलीतलं ४१५ आणि बॅक्टेरियाची बुळबुळ

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही घरी शेजवान चटणी आणि चिली सॉस करून विकता, आठ-दहा दिवसांत बाटलीत वर पाणी सुटतं, गिऱ्हाईक म्हणतं माल खराब झालाय, कुणीतरी झॅन्थन गम घाला म्हणून सांगितलं, आणि तुम्ही वाचायला गेलात तर तो निघाला बॅक्टेरियाचा चिकट स्राव, मग हबकलात. तो खाण्यासारखा आहे का, शाकाहारी आहे का आणि बॅक्टेरिया-बुरशीच्या असल्या पदार्थांचा अजून कुठे उपयोग होतो, असं तुम्ही विचारलंय.

हो, खाण्यासारखा आहे, तो प्राण्यापासून काढत नाहीत, आणि तुम्ही तो आत्तापर्यंत कितीतरी वेळा खाल्लाय. दुकानातल्या मेयोनीजची नाहीतर सॅलड ड्रेसिंगची बाटली उलटी करून बघा, बारीक अक्षरात स्टॅबिलायझर नाहीतर थिकनर आणि पुढे ४१५ असं बहुतेक सापडेल, तोच हा. मी पंचवीसेक वर्षं ह्याच बुळबुळीत काढलीत, आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, जिथे ती आमची वैरीण होती, आणि नंतर एका फर्मेंटेशन प्लांटवर, जिथे तशीच बुळबुळ आम्ही मुद्दाम वाढवून, वाळवून, पोत्यात भरून विकायचो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या बाटलीतलं पाणी. तुम्ही घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर घालता असं लिहिलंय, गोम तिथेच आहे. शिजताना स्टार्चचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात, पण थंड झाल्यावर दिवसागणिक त्याच्या साखळ्या परत एकमेकींना चिकटायला लागतात, आणि त्या जवळ सरकल्या की मधलं पाणी बाहेर पडतं. फ्रिजमध्ये तर हे अजून लवकर होतं. त्यात व्हिनेगर घालून जास्त वेळ उकळलं की साखळ्या तुटतातही, मग सॉस आधीच पातळ. म्हणजे माल खराब नसतो पण दिसतो तसा, आणि गिऱ्हाईक दिसण्यावरच जातं. दुसरी गोष्ट म्हणजे उष्टा चमचा. बाळाच्या पेजेत उष्टा चमचा राहिला की थोड्या वेळाने पेज पाणी-पाणी होते, हे प्रत्येक आईला माहीत असतं, कारण लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं. गिऱ्हाईक चटणीत खाल्लेला चमचा परत घालणार हे तुम्ही धरूनच चला.

झॅन्थनला ह्या दोन्ही गोष्टींनी फारसा फरक पडत नाही. त्याचा कणा सेल्युलोजसारखा, म्हणजे कापसात किंवा कडब्यात जो असतो त्या जातीचा, आणि त्याला एक-एक घर सोडून तीन-तीन साखरांच्या छोट्या फांद्या. लाळेतलं एन्झाइम त्याच्या वाटेला जाऊ शकत नाही. आंबट चालतं, मीठ चालतं, गरम चालतं. लकवा झालेल्या पेशंटला पातळ पाणी गिळता येत नाही, ठसका लागतो, तेव्हा पाणी घट्ट करायला ह्याच कारणाने झॅन्थनवाली पावडर देतात. स्टार्चवालं पाणी तोंडातल्या तोंडात पातळ व्हायला लागतं, हे तसं होत नाही.

त्याची खरी गंमत मात्र बाटली हलवली की कळते. झॅन्थनच्या साखळ्या मऊ दोऱ्यासारख्या नसतात, ताठ काड्यांसारख्या असतात. अंगणात कडबा विस्कटून पडलाय असं समजा, काड्या एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे मसाल्याचा कण, मिरचीचं बी, लसणाचा तुकडा जिथल्या तिथे अडकून राहतो, खाली बसत नाही. आता बाटली हलवली किंवा दाबली की सगळ्या काड्या एका दिशेला होतात आणि सरसर घसरतात, सॉस सहज वाहतो. बशीत पडला, थांबला, की परत विस्कटल्या आणि सॉस जागच्या जागी उभा. पेट्रोलच्या विहिरी खोदतात तिथेही हेच काम, ड्रिल फिरतंय तोवर चिखल पातळ आणि ड्रिल थांबलं की घट्ट, म्हणजे कापलेला दगडाचा चुरा परत तळाला बसत नाही. तुमची मिरचीची बी आणि तिथला दगडाचा चुरा, दोघांना धरून ठेवणारा पदार्थ एकच आहे.

आता हा येतो कुठून. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्यांना घाण्या रोग माहीत असेल, पानाच्या कडेपासून आत निमुळते होत जाणारे पिवळे डाग पडतात, शिरा काळ्या होतात. तो करणारा बॅक्टेरिया म्हणजे झॅन्थोमोनस कॅम्पेस्ट्रिस. डाळिंबवाल्यांना झॅन्थोमोनस हे नाव नवीन नाही, सोलापूर-नाशिककडे बागाच्या बागा ज्याने घालवल्या तो तेल्या ह्याचाच भाऊबंद. माणसाला ह्यातला कुणी आजारी पाडत नाही, ही झाडांची दुखणी. अंगाभोवती चिकट आवरण करून हे जीव उन्हात वाळण्यापासून वाचतात, पानाला चिकटून राहतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यात पिओरिया म्हणून गाव आहे, तिथल्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स ह्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात ह्या आवरणाचा अभ्यास केला, पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत तो खाण्यात वापरायला परवानगी मिळाली. ह्या बाईंचं नाव लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

प्लांटवर आम्ही काय करायचो ते सांगतो, म्हणजे तुमच्या मनातली किळस जाईल. स्टीलच्या बंद टाकीत साखरेचं किंवा ग्लुकोजचं पाणी, थोडं नायट्रोजनचं खाद्य, २८ ते ३० अंश तापमान आणि भरपूर निर्जंतुक हवा. पहिल्या दिवशी ते पाण्यासारखंच असतं. दुसऱ्या दिवशी टाकी ढवळणाऱ्या पंख्याच्या मोटरचा अ‍ॅम्पिअर चढायला लागतो, वरच्या काचेतून बघितलं तर हवेचे बुडबुडे फुटायचे बंद होतात, मोठे मोठे होऊन तसेच आळसटल्यासारखे वर येतात, आणि सॅम्पल बीकरमध्ये घेऊन काचेची काडी वर उचलली की हातभर तार निघते. गंमत बघा, लिटरमागे २०-३० ग्रॅम गम झाला तरी टाकी एवढी घट्ट होते की हवा आत ढकलता येत नाही, अख्खं इंजिनिअरिंग त्या हवेसाठीच असतं. मग सगळं तापवून बॅक्टेरिया मारतात, आणि त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओततात. ओतलं की डोळ्यांदेखत पांढरट तंतूंचे पुंजके वर येतात, ओल्या शेवयांसारखे. ते पिळायचे, वाळवायचे, दळायचे. तुमच्या हातात येते ती ही पावडर, त्यात जिवंत काही नसतं, आणि उरलेलं अल्कोहोल किती चालेल ह्याची मर्यादा ठरलेली असते, म्हणून सुटी, बिनलेबलची पावडर घेऊ नका, फूड ग्रेड आणि बॅच नंबरवालीच घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दिवस पूर्ण न भरलेल्या बाळांना झॅन्थनवाली घट्ट करायची पावडर देऊ नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये दिला होता, आतड्याच्या गंभीर आजाराच्या केसेस दिसल्या म्हणून. तान्ह्या बाळाच्या दुधात डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काहीही घालायचं नाही. मोठ्या माणसाला सॉसमधून जातो तेवढ्याने काही होत नाही, खूप जास्त पोटात गेला तर पोट फुगतं, जुलाब होतात, इतकंच.

आता वैरिणीची गोष्ट. साखर कारखान्यात गाळप हंगामात कधी कधी ऊस तोडून दोन-तीन दिवस फडातच पडतो, गाड्या मिळत नाहीत, नाहीतर कारखान्याच्या गव्हाणीत लाईन लागते, फेब्रुवारी-मार्चचं ऊन. तोडलेल्या टोकातून लेउकोनोस्टॉक नावाचा बॅक्टेरिया आत शिरतो आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करायला लागतो. जळालेल्या उसात तर विचारूच नका. मी नवीन होतो तेव्हा मिल हाऊसच्या रसाच्या पन्हाळीत हात घातला तर मुठीत साबुदाण्याच्या खिरीसारखा गोळा आला, आमचे चीफ केमिस्ट म्हणाले हे बघ, ही सगळी साखर होती. मग पुढे रस गाळायला वेळ लागतो, पॅनमध्ये साखर नीट बसत नाही, दाणा चौकोनी यायच्या ऐवजी सुईसारखा लांबट येतो आणि सेंट्रीफ्युगलमध्ये मळी सुटता सुटत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे लॅबचं मशीन फसतं. रसात साखर किती हे आपण प्रकाश किती वळतो त्यावरून मोजतो, आणि डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्याच दिशेने पण जवळजवळ तिप्पट वळवतं, म्हणजे साखर गेलीये आणि मशीन म्हणतंय भरपूर आहे. एका हंगामात आमचे हिशोब जुळेनात, रसात दाखवलेली साखर पोत्यात येईना, आठवडाभर सगळे एकमेकांवर संशय घेत होते, शेवटी डेक्स्ट्रान तपासल्यावर कळलं. त्यावर उपाय म्हणजे ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळपाला आणणं, मिल गरम पाण्याने-वाफेने धूत राहणं, आणि अगदीच झालं तर डेक्स्ट्रानेज हे एन्झाइम घालणं, जे बुरशीपासूनच काढतात. पण खरा उपाय पहिलाच, आणि त्यात शेतकऱ्याचंही वजन वाचतं.

ह्याच डेक्स्ट्रानने लोकांचे जीव वाचवलेत. दारू बुळबुळीत का होते ह्याचा शोध पाश्चरने १८६१ मध्ये घेतला होता, डेक्स्ट्रान हे नाव १८७४ मध्ये पडलं, पण त्याला औषधात आणलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. वर म्हटलं त्याच अ‍ॅलीन जीन्सबाईंनी योग्य जातीचा बॅक्टेरिया निवडून डेक्स्ट्रान मोठ्या प्रमाणात करायचा मार्ग बसवला, आणि कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांना रक्त मिळेपर्यंत नसेतून ते देत होते, ते शिरेत पाणी धरून ठेवतं म्हणजे ब्लड प्रेशर कोसळत नाही. बाटलीवर डेक्स्ट्रान ४०, डेक्स्ट्रान ७० असं लिहितात, तो आकडा म्हणजे रेणूचं सरासरी वजन, ४० हजार, ७० हजार. आता हा वापर कमी झालाय, काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते म्हणून. शरीरात लोह कमी असलं की देतात त्या जुन्या इंजेक्शनांत लोहाभोवती डेक्स्ट्रानच गुंडाळलेलं असतं. आणि लेउकोनोस्टॉकला तर तुम्ही घरी स्वतः पाळता, रात्रभर इडलीचं पीठ फुगतं त्यात त्याचा मोठा हात असतो, तिथे ऊसाएवढी साखर नाही म्हणून तार धरत नाही एवढंच.

बॅक्टेरियाच्या ह्या आवरणाचा सगळ्यात मोठा उपयोग कुठला असं मला कुणी विचारलं तर मी सॉस-बिस नाही सांगणार, लस सांगेन. न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारे बरेचसे जंतू अंगावर पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा, कोट घालून फिरतात, त्या कोटामुळे आपल्या पांढऱ्या पेशींच्या हातून ते निसटतात. मग तो कोटच काढून, शुद्ध करून लस म्हणून दिला तर शरीर त्याला ओळखायला शिकतं. मोठ्यांमध्ये हे जमलं, पण दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर नुसत्या साखरेच्या साखळीला दादच देत नाही, आणि मरतात जास्त तीच. तोडगा असा निघाला की ती साखळी एखाद्या प्रोटीनला रासायनिक गाठ मारून जोडायची, प्रोटीन दिसलं की शरीर जागं होतं आणि सोबतची साखळीही लक्षात ठेवतं. सरकारी दवाखान्यात बाळाला दीड महिन्याला पेंटाव्हॅलंट देतात त्यात हिब नावाचा जो भाग असतो तो असाच बनलेला, आणि न्यूमोकोकलची लसही अशीच.

ह्यात पुण्याचं नाव आहे आणि ते मला फार अभिमानाने सांगावंसं वाटतं. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो मेंदूज्वराचा पट्टा आहे तिथे दर काही वर्षांनी ए प्रकारच्या जंतूची साथ यायची, हजारो माणसं जायची, आणि तिथल्या देशांना परवडेल अशी लस करायला मोठ्या कंपन्या पुढे येईनात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्या जंतूचं पॉलिसॅकराइड धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाच्या प्रोटीनला, जोडून लस केली, अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती मोठ्या मोहिमेत द्यायला सुरुवात झाली. पुढे कोट्यवधी लोकांना दिली गेली आणि त्या पट्ट्यात ए प्रकारच्या साथी जवळपास थांबल्या. फर्मेंटरमध्ये बॅक्टेरिया वाढवायचा, कोट वेगळा करायचा, शुद्ध करायचा, कामाचा सांगाडा आमच्यासारखाच, फक्त स्वच्छतेची पायरी कितीतरी वरची. त्या लसीबद्दल पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

बाकीच्यांचं पटापट सांगतो. जेलन गम हा १९७८ मध्ये सापडलेल्या बॅक्टेरियाचा, बाटलीतल्या सरबतात सब्जाचे दाणे मधल्यामध्ये तरंगताना दिसतात ना, ते बहुतेक वेळा ह्याच्या जोरावर, लिटरला अर्धा ग्रॅमच्या आत-बाहेर पुरतो. टिश्यू कल्चरच्या लॅबमध्येही अगरऐवजी हा वापरतात, काचेसारखा स्वच्छ जमतो म्हणून मुळं दिसतात आणि बुरशी लागली तर लगेच कळते. पुल्लुलान हा बुरशीचा, ऑरिओबॅसिडियम नावाच्या काळपट बुरशीचा, जपानमध्ये १९७० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर बनतो, त्याची पातळ फिल्म ऑक्सिजन आत येऊ देत नाही, म्हणून शाकाहारी कॅप्सूलच्या टोप्या आणि जिभेवर विरघळणाऱ्या पट्ट्या त्याच्या करतात. जिलेटिनची कॅप्सूल नको असणाऱ्यांनी बाटलीवर हे नाव शोधावं. हरभऱ्याची मान कुजवणारी आणि भुईमुगाचं खोड कुजवणारी स्क्लेरोशियम नावाची बुरशी आपल्या शेतात नकोशी असते, पण तिचा स्क्लेरोग्लुकान नावाचा गम क्रीम-लोशनमध्ये आणि तेलविहिरीत चालतो. नारळाच्या पाण्यावर अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जीव वाढवले की वर जाड पांढरी साय धरते, ती नाता दे कोको, फिलिपिन्सचा प्रकार, आणि ते निव्वळ सेल्युलोज असतं. कोंबूचाच्या बरणीवरची चकती त्यातलीच. चेहऱ्याच्या सीरममधलं आणि गुडघ्यात टोचतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढायचे, आता बरंचसं बॅक्टेरियापासून येतं. कायटोसान कोळंबीच्या टरफलापासून मिळतो तसा बुरशीपासूनही मिळतो, कोळंबीची अ‍ॅलर्जी आणि मांसाहार दोन्ही टाळायचं असेल तर तो.

मशरूममधल्या बीटा ग्लुकानबद्दल, म्हणजे तिथल्या अशाच साखरेच्या साखळ्यांबद्दल, जरा थांबून लिहितो, कारण ह्या विषयावर लोक फसतात. जपानमध्ये शिताके मशरूमपासून काढलेलं लेंटिनान इंजेक्शनने, आणि दुसऱ्या एका मशरूमपासून काढलेलं क्रेस्टिन तोंडाने, कॅन्सरच्या मुख्य औषधांच्या जोडीला वापरायला मान्यता मिळाली होती, ही खरी गोष्ट आहे. पण ते शुद्ध केलेले, मोजून-मापून दिलेले पदार्थ होते, आणि केमोथेरपीच्या सोबत, तिच्या बदल्यात नव्हेत. आपल्याकडे डब्यात मशरूम पावडर भरून कॅन्सर बरा होतो म्हणून विकतात त्याचा आणि ह्याचा संबंध जोडू नका. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ह्या पावडरीच्या भरवशावर तीन महिने ट्रीटमेंट लांबवली, नंतर डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. पावडर खायचीच असेल तर डॉक्टरला सांगून खा, औषध थांबवून नको.

आता तुमचा सॉस. एक लिटरला २ ग्रॅमपासून सुरू करा. अंदाजाने चमच्याने घालू नका, दहाव्या हिश्श्यापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, कारण २ आणि ४ ग्रॅममध्ये सॉस आणि शेंबूड एवढा फरक पडतो, जिभेला लगेच कळतं. पावडर सरळ पाण्यात टाकली की तिच्या गुठळ्या होतात, बाहेरून फुगलेल्या आणि आत कोरड्या, कितीही घोटा मोडत नाहीत. म्हणून २ ग्रॅम पावडर २०-३० ग्रॅम पिठीसाखरेत नाहीतर तुमच्या रेसिपीतल्या तेलातल्या थोड्या तेलात आधी नीट मिसळा आणि ब्लेंडर चालू असताना पाण्यात धार धरून सोडा. मीठ-व्हिनेगर घालायच्या आधी हे करा, पावडर एकदा पूर्ण भिजली की मग मीठ-आंबट तिचं काही बिघडवत नाही, पण आधीच खारट-आंबट पाण्यात टाकली तर भिजायला फार वेळ घेते. पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा आणि मग पुढचं शिजवा. ब्लेंडर उगाच जास्त फिरवू नका, हवा आत शिरली की तो बुडबुडाही धरून ठेवतो, सॉस पांढुरका दिसतो. कॉर्नफ्लोअर पूर्ण बंद करायची गरज नाही, निम्मं करा. गवार गम स्वस्त पडतो म्हणून लोक तोच एकटा घालतात, पण आंबटात जास्त वेळ उकळला की तो तुटतो, त्यामुळे तुमच्या सॉसला एकटा नको, झॅन्थनसोबत थोडा चालेल, दोघं मिळून जास्त घट्ट होतात.

आणि हे टिकवायचं औषध नाही, बुरशी-बिरशी हा थांबवत नाही. टिकण्यासाठी पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), ४ च्या खाली ठेवा, गरम असतानाच निर्जंतुक बाटलीत भरा. पीएच कागदावर नको, छोटं मीटर घ्या, मिरचीच्या लाल रंगात कागदाचा रंग कळत नाही. लेबलवर स्टॅबिलायझर आणि ४१५ हे लिहावंच लागतं, लपवू नका, कुणी विचारलं तर वरचं सगळं सांगा. उपवासाला चालतं का हे मात्र ज्याच्या-त्याच्या घरच्या रीतीवर.

तीन बाटल्या करा, १ ग्रॅम, २ ग्रॅम आणि ३ ग्रॅमच्या, एक तुमची जुनी शेजारी ठेवा, सगळ्यांवर सॉसच्या पातळीला मार्करने रेघ मारा, अर्ध्या फ्रिजमध्ये आणि अर्ध्या बाहेर असं नको, सगळ्या एकाच जागी ठेवा. पंधराव्या दिवशी उजेडात धरून कुठल्या बाटलीत वर पाणी दिसतंय ते बघा, आणि ज्यात पाणी नाही त्यातली सगळ्यात कमी गमवाली निवडा. लिटरला व्हिनेगर किती घालता ते लिहून कळवा, म्हणजे गवार किती मिसळायचा ते सांगतो.